निळा ठिपका

मार्च २०२४ मधली दुपार. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आल्या आणि हातातली प्लास्टिकची पिशवी त्यांनी काउंटरवर उलटी केली. पंक्चरच्या सोल्युशनच्या रिकाम्या ट्यूबा होत्या, पिळून पिळून पार चपट्या झालेल्या. दोन-तीन ट्यूबांवर दातांचे वळ होते.

"काका, ह्या तुमच्या दुकानातल्या आहेत का?"

मी एक ट्यूब उचलली आणि तिचं शेपूट बघितलं. नवा माल आला की मी प्रत्येक ट्यूबच्या शेपटाला निळ्या मार्करने ठिपका देतो. ही वडिलांची सवय. सोल्युशन जुनं झालं की घट्ट होतं, पॅच धरत नाही, म्हणून जुना माल आधी संपवायचा. काउंटरवर अकरा ट्यूबा होत्या. त्यातल्या सातांवर निळा ठिपका होता.

त्या महिन्यात पेपरात दुसरा विषयच नव्हता. फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतला कारखाना पकडला होता, एम.डी. या अमली पदार्थाचे कोट्यवधींचे आकडे रोज छापून येत होते. माझ्या दुकानात हवा भरायला थांबणारा प्रत्येक जण त्यावर बोलायचा. मीही बोलायचो, आणि तावातावाने बोलायचो. आणि माझ्या पाठीमागच्या फळीवर पाच-पंचवीस रुपयांची ही वस्तू उघडी पडलेली होती.

सात ट्यूबा कोणी नेल्या, हे आठवायला मला वेळ लागला नाही. नववीतला मुलगा. अंगाने किरकोळ, बोलायला गोड. आठवड्यात दोनदा, कधी तीनदा यायचा. पहिल्यांदा म्हणाला, मामाच्या सायकलला पाहिजे. दुसऱ्यांदा म्हणाला, शाळेच्या प्रोजेक्टला. त्याच्याकडे सायकल नाही, हे मला ठाऊक होतं. या बाजारात कोणाकडे कुठली सायकल आहे हे मला ठाऊक नसेल तर कोणाला असणार? दुसऱ्याच वेळी माझ्या मनात शंका आली होती. मी ट्यूब दिली, पैसे घेतले, गल्ला लावला. ही गोष्ट सांगताना मी ती कोणावर ढकलू शकत नाही.

आमचं दुकान वडिलांनी काढलं, देहूरोडच्या लष्करी डेपोच्या कामगारांच्या जिवावर. आजोबा डेपोत मजूर होते. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली तेव्हा आजोबा त्या गर्दीत उभे होते, आणि घरात हा दिवस सांगूनच आम्ही मोठे झालो. वडिलांच्या काळात डेपोच्या वेळेला रस्ताभर सायकलीच सायकली असायच्या. ओव्हरऑइलला टाकलेल्या सायकली दुकानाबाहेर ओळीने उभ्या असायच्या. आता मोटारसायकली आल्या, आमचा धंदा निम्म्याच्या खाली आला. सोल्युशन मात्र खपत होतं. ते का खपतंय, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी तो मुलगा समोरून जाताना दिसला. मी धावत जाऊन त्याची कॉलर धरली. भर बाजारात, आठ-दहा माणसांसमोर ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मला वाटलं, मी माझी चूक दुरुस्त करतोय. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेतून गायब झाला. बारा दिवस.

स्टॅंडवरचा एक रिक्षावाला तेव्हा मला येऊन म्हणाला, "शेठ, पोरगं भिंतीमागं लपून करत होतं. तुम्ही त्याची भिंतच पाडली." हा माणूस स्वतः दारूत बुडालेला होता. मुक्तांगणमध्ये पस्तीस दिवस काढून आला, त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मुक्तांगणचं नाव मला वाचनातून माहीत होतं. अनिल अवचटांनी गर्दच्या नशेवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, मदतीला पुढे झाले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात व्यसनमुक्तीचं काम सुरू केलं. दिवाळी अंकांतून हे सगळं मी वाचलेलं. वाचून डोळे ओले झालेले. पण माझ्याच दुकानासमोरच्या स्टॅंडवर तिथून बरा होऊन आलेला माणूस रिक्षा लावतो, त्याच्याशी मी नऊ वर्षांत सुट्या पैशांपलीकडे बोललो नव्हतो.

त्याच्यामुळे पहिली बैठक झाली. रविवारी संध्याकाळी, माझ्याच दुकानात, शटर अर्धं ओढून. सहा माणसं होतो. बाई, रिक्षावाला, मेडिकलवाले, इडलीची गाडी लावणारे अण्णा, मुलांना कबड्डी शिकवणारे निवृत्त सुभेदार, आणि मी. बसायला टायरांचे गठ्ठे. कोणी अध्यक्ष नाही, कोणी चहापाण्याचा खर्च लिहिला नाही.

त्या तासाभरात जे कळलं त्याने मी आजही अस्वस्थ होतो. बाईंना त्याची गैरहजेरी माहीत होती. मधल्या सुट्टीनंतर तो परत यायचा नाही. सुभेदारांना माहीत होतं की जानेवारीपासून त्याचा दम टिकत नाही, दोन चढायांत छाती धरून बसतो. मेडिकलवाल्यांकडे त्याच्या बरोबरची मोठी मुलं खोकल्याचं औषध मागायला येत, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही म्हटलं की शिव्या देऊन जात. अण्णांना माहीत होतं की पूर्वी रोज चार इडल्या खाणारा मुलगा आता एकसुद्धा संपवत नाही. रिक्षावाल्याने त्याला स्टेशनच्या टोकाला, लोणावळा लोकल गेल्यावर रुळांच्या कडेला बसलेला पाहिला होता, तोंडाशी दुधाची पिशवी धरून. आणि मला माहीत होतं की त्याला सायकल नाही. मुलगा आमच्यापैकी प्रत्येकाला थोडा थोडा दिसत होता. अख्खा कोणालाच दिसला नव्हता, कारण आम्ही एकमेकांना काही सांगतच नव्हतो.

मेडिकलवाल्यांनी त्या दिवशी समजावून सांगितलं की ह्या सोल्युशनमध्ये टोल्यूइनसारखे उडून जाणारे द्रव असतात. वास फुप्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूत, काही सेकंदांचं काम. नशा लवकर उतरते म्हणून पोरं पुन्हा पुन्हा हुंगतात. आणि यात हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी जीव जाऊ शकतो, अगदी पहिल्या वेळीसुद्धा. बाईंनी एम्सच्या २०१९ च्या अहवालातला आकडा वाचून दाखवला. देशात हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्या माणसांत ०.५८ टक्के, आणि दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के. ही एकच नशा अशी आहे की जिच्यात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत. मी चाळीस वर्षं हाताळत आलेली वस्तू.

मुलाच्या घरी कोण जाणार, हा प्रश्न होता. वडील ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. आई तळेगावच्या एका कंपनीच्या कॅंटीनमध्ये. सकाळी सहाच्या बसने जाते, रात्री साडेआठला उतरते. घरात आजी, आणि तिला मराठी येत नाही. देहूरोडला हे नवीन नाही. लष्करामुळे कुठून कुठून माणसं आली आणि इथलीच झाली. देवळं, मशीद, चर्च, गुरुद्वारा सगळं हाकेच्या अंतरावर आहे. अण्णांची बायको आमच्याबरोबर आली आणि तमिळमध्ये बोलली. मुलगा आजीला पाट्टी म्हणतो, तर आम्हीही तेच म्हणायला लागलो.

पाट्टीला वास माहीत होता. नातवाच्या शर्टाला, केसांना येणारा तो वास तिने रोज घेतला होता. तिला वाटायचं, वडिलांच्या ट्रकवर जाऊन बसत असेल, टायरवाल्याकडे खेळत असेल. मुलाला वडील आवडतात म्हणून ती मनात सुखावायची. अण्णांच्या बायकोने खरं काय ते सांगितलं तेव्हा पाट्टी काही बोलली नाही. उठली, दोरीवरचा त्याचा शाळेचा शर्ट काढला आणि नाकाशी धरून बसून राहिली.

आई रात्री आली. मी तिची माफी मागितली, बाजारातल्या प्रकाराबद्दल आणि ट्यूबांबद्दलही. ती म्हणाली, "दादा, डब्यातले पैसे जात होते. मी पाट्टीवर संशय घेतला." एवढं म्हणून ती रडली.

मुलगा मावशीकडे दापोडीला होता. रिक्षावाला त्याला घेऊन आला. वाटेत त्याने त्याला एकही उपदेश केला नाही, हे त्यानेच नंतर सांगितलं. "सोड म्हणून कोणी सोडत नसतं शेठ. मी फक्त विचारलं, संध्याकाळी काय करतोस?" मुलगा म्हणाला होता, "ते केलं की संध्याकाळ लवकर जाते."

आमचं पुढचं सगळं काम या एका वाक्यातून निघालं. शाळा पाचला सुटते, आई साडेआठला उतरते. मधले साडेतीन तास. डॉक्टरकडे नेलं, समुपदेशन सुरू झालं, ते तर हवंच होतं. पण डॉक्टर आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटणार, आणि संध्याकाळ रोज येणार. म्हणून आम्ही साडेतीन तास वाटून घेतले. सहापर्यंत बाई वर्गात थांबायच्या, गणित घ्यायच्या. सहा ते साडेसात सुभेदारांचं मैदान. तिथून अण्णांच्या गाडीवर. तिथे ताटल्या मांडायच्या, खायचं, गिऱ्हाइकांशी बोलायचं. साडेआठला रिक्षावाला त्याला कंपनीच्या बसथांब्यावर सोडायचा आणि आईबरोबर तो घरी जायचा. प्रत्येकाने पुढच्याला फोन करायचा, "निघाला." बस, एवढाच शब्द. फोन दहा मिनिटांत आला नाही तर ज्याच्याकडे मुलगा यायचा तो शोधायला निघायचा. पहिल्या महिन्यात पाच वेळा निघावं लागलं. त्यातल्या दोनदा तो रुळांकडेच सापडला.

माझ्या वाट्याला संध्याकाळ नव्हती. मला वाटत होतं, त्याला दुकानात बसवावं, काम शिकवावं. चाक सरळ करणं, छर्रे भरणं यात मुलं रमतात. रिक्षावाला माझ्यावर चिडला. "दारू सोडलेल्या माणसाला तुम्ही गुत्त्यावर नोकरीला ठेवाल का?" त्याचं बरोबर होतं. दुकानात सोल्युशनचा वास भिंतींना आहे. मला येत नाही, इतकी वर्षं झाली. मुलाने दुकानाच्या बाजूला यायचंच नाही, असं ठरलं. हे मला लागलं, पण ते मान्य करणं हेच माझं काम होतं.

माझं दुसरं काम दुकानं फिरण्याचं. आधी स्वतःच्या दुकानात विक्रीची वही केली. ट्यूब सुटी मिळणार नाही. सायकल घेऊन या, मी लावून देतो. पण मी बंद केल्याने काय होणार होतं? अकरातल्या चार ट्यूबांवर ठिपका नव्हताच. हार्डवेअर, टायरवाले, स्टेशनरी, एकेकाकडे गेलो. बहुतेकांनी ऐकलं. एकाने तोंडावर सांगितलं की पोरं सांभाळायचा मक्ता घेतलेला नाही. त्याच्याकडे मी चार वेळा गेलो. चौथ्या वेळी माझ्याबरोबर पाट्टी आली. ती काही बोलली नाही, कारण बोललेलं त्याला कळलं नसतं. काउंटरपाशी उभी राहिली. त्यानंतर त्याच्याकडेही सुट्या ट्यूबा मिळेनाशा झाल्या.

हद्दीचा त्रास मात्र फार झाला. बाजार कॅन्टोन्मेंटचा. पलीकडे विकासनगर-किवळे, ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत. रूळ आणि स्टेशन रेल्वेचं. मधली मोकळी जागा संरक्षण खात्याची. पडक्या खोलीजवळ मुलं बसतात अशी तक्रार घेऊन गेलं की ती जागा आमच्याकडे येत नाही असं ऐकायला मिळायचं, आणि बरेचदा ते खरंही असायचं. नशेला हद्द नसते, तक्रारीला असते. शेवटी बाईंनी एका कागदावर नकाशा काढला, कुठली जागा कोणाची ते चार रंगांत दाखवलं, आणि प्रत्येक कार्यालयाला त्याच्याच रंगाचा भाग तोडून अर्ज दिला. दोन महिन्यांनी पडक्या खोलीला कुंपण पडलं आणि रुळांकडच्या अंधाऱ्या टोकाला दिवा लागला.

पोलीस चौकीवरच्या एक ताई आमच्या तिसऱ्या बैठकीपासून यायला लागल्या, साध्या कपड्यांत. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की मुलांना पकडून द्यायला बोलावलं असेल तर मी जाते. बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम त्यांनी समजावलं. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गुन्हा देणाऱ्याचा. मी विचारलं, आणि सोल्युशन? त्या कलमात त्याचं नाव नाही. म्हणजे मला कोणी काही करणार नव्हतं. मला त्याने हलकं वाटलं नाही.

शाळेजवळच्या टपरीचा विषय निघाला. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत, असा २००३ चा कायदा आहे. टपरीवाला म्हणायचा, मी लांब आहे. इथे मात्र माझी विद्या कामी आली. सव्वीस इंची चाकाचा एक फेरा म्हणजे दोन मीटर सात सेंटिमीटर. चव्वेचाळीस फेऱ्यांत शंभर यार्ड भरतात. आरीला लाल चिंधी बांधली, शाळेच्या फाटकापासून सायकल हातात धरून चालत निघालो. मागे आठवीची पोरं मोठ्याने मोजत होती. एकतिसाव्या फेऱ्याला टपरी आली. टपरीवाला स्वतः बघत होता. त्याने वाद घातला नाही, पण पोट कसं भरू असं विचारलं, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. जागा बदलायला त्याला दीड महिना लागला. तोवर त्याने पुड्यांच्या माळा उतरवून बिस्किटं आणि चिक्की लावली.

सगळं असं नीट गेलं नाही. मेमध्ये बाजारातल्या एकाने रुळांवर बसलेल्या चार मुलांचा फोटो काढून व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, चेहरे दिसतील असा. हेतू वाईट नसेल. तासाभरात तो फोटो घरोघरी गेला. चौघांतल्या एका मुलाच्या बहिणीचं लग्न ठरत होतं. त्या घरात काय झालं ते मी लिहू शकत नाही. दुसऱ्या एका मुलाला शाळेने दाखला हातात द्यायची तयारी केली. बाई तिथे जाऊन दोन तास बसल्या. दाखला थांबला, पण तो मुलगा पुढे शाळेत टिकला नाही. आज तो कुठे आहे हे त्याच्या घरच्यांनाही नीट माहीत नाही. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे, हे ताईंनी सांगितलं तेव्हा ग्रुपवरून फोटो निघाला. निघून काय उपयोग? त्या मुलाचा विचार मनातून जात नाही. आमच्या बैठकीत कुठल्याच मुलाचं नाव आता घेत नाहीत. "पाचवाला", "सहावाला" असं त्याच्या वेळेवरून बोलतात.

जूनअखेर तुकोबांची पालखी देहूतून निघून आकुर्डीला जाताना आमच्या रस्त्याने गेली. दर वर्षी मी त्या दिवशी रस्त्यावर मोठा पंप घेऊन उभा असतो. वारकऱ्यांच्या हातगाड्या, सायकली, दिंडीच्या सामानाच्या गाड्या, त्यांना हवा भरून द्यायची, पैसे घ्यायचे नाहीत. सुभेदार कबड्डीची मुलं घेऊन पाणी वाटायला आले होते. त्यात तो होता. मार्चनंतर पहिल्यांदा तो माझ्यापासून दहा हातांवर उभा होता. थोड्या वेळाने त्याने पाण्याचा जग दुसऱ्याकडे दिला, जवळ आला, आणि पंपाचा दांडा धरला. आम्ही काही बोललो नाही. मोकळ्या रस्त्यावर, पावसात, वास कसला यायचा? दुपारपर्यंत तो हवा भरत राहिला. एकदा दम लागून खाली बसला, माझ्या पोटात गोळा आला. पण मग उठून पुन्हा लागला.

त्यानंतर मी घरामागे पडलेली एक जुनी फ्रेम काढली. चाकं, साखळी, ब्रेक, सगळे भाग एका पोत्यात भरून सुभेदारांच्या मैदानावर पाठवले. सोल्युशन सोडून सगळं पाठवलं. दोन महिने तो आणि आणखी तिघं तिथेच झाडाखाली ती सायकल जोडत होती. साखळी उलटी बसवली होती, असं सुभेदार सांगत होते.

दहावीची परीक्षा त्याने दिली. मधे एकदा, डिसेंबरात, तो पुन्हा घसरला, तीन दिवस. मोठ्या मुलांकडून व्हाइटनर आणला होता. पाट्टीनेच पकडलं, वासावरून. या वेळी तिने वेळ लावला नाही, सरळ अण्णांच्या बायकोकडे गेली. रात्री सगळे जमलो. रिक्षावाला म्हणाला, तीन दिवस मोजू नका, आधीचे महिने मोजा. आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता बाईंचा फोन सुभेदारांना गेला, "निघाला."

गेल्या महिन्यात संध्याकाळी दुकान आवरत होतो. रस्त्याच्या पलीकडून हाक आली, "काका!" तो सायकल धरून उभा होता, कडुलिंबाखाली. मागचं चाक बसलेलं. मी हाताने ये म्हटलं. तो जागचा हलला नाही.

"पंक्चर आहे. तुम्हीच काढा. मी इथंच थांबतो."

मी रस्ता ओलांडून सायकल आणली. ट्यूब काढली, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडे दिसले तिथे खूण केली, घासली. वरच्या कुलूपबंद खणातून ट्यूब काढली, थोडं सोल्युशन लावलं, वाळू दिलं, पॅच दाबला. हे सगळं होईपर्यंत तो रस्त्याकडे पाठ करून उभा होता. मी हात साबणाने दोनदा धुतले आणि सायकल परत नेऊन दिली.

"किती झाले?"

मी नको म्हणणार होतो. त्याने खिशात हात आधीच घातला होता.

"वीस," मी म्हटलं.

त्याने दहाच्या दोन नोटा दिल्या आणि मैदानाकडे निघाला. सहा वाजत आले होते. मी फोन काढला आणि सुभेदारांना लावला.